चौदा वर्षांचा एसी: कॉम्प्रेसर बदलायचा, गॅस भरायचा का मशीनच काढायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय. सांगलीत विश्रामबागेत घर, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. आईबाबांच्या खोलीत २०१२ साली बसवलेला दीड टनी तीन स्टार स्प्लिट, साधा म्हणजे इन्व्हर्टर नसलेला (इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, हा नुसता चालू-बंद होतो), आर-२२ ह्या जुन्या जातीच्या गॅसचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये गॅस भरला, २०२५ ला परत भरला, आणि आता ह्या मार्चमध्ये लावला तर नुसता वारा. एका मेकॅनिकनं दहा मिनिटं बघून कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गेला म्हणून सांगितलं, गॅससकट तेरा हजार. दुकानदार म्हणतोय एवढ्या जुन्यावर पैसे घालू नका, एक्सचेंजमध्ये देऊन टाका. आणि बाबा म्हणतायत जुनं मशीन दणकट आहे, आजकालची सगळी पत्र्याची असतात, दुरुस्तच करायचं. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून तर तुमची गोची झालीय.

माझं म्हणाल तर तेरा हजार आत्ता देऊ नका आणि दुकानातपण आत्ता जाऊ नका. आधी हजारएक रुपये घालवून गॅस कुठनं जातोय ते शोधा. दुरुस्त का नवीन हे लीक कुठं सापडतंय त्याच्यावर ठरेल, मशीन किती वर्षांचं आहे त्याच्यावर नाही.

मी ह्या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. सुरवातीची सहा वर्षं तासगाव रोडला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काढली, अमोनियाच्या प्लांटवर. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. अमोनिया जरा जरी कुठनं सुटला तरी नाकातोंडातनं पाणी येतं, माणूस पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद करतो, लीक आहे का नाही ह्याच्यावर वाद घालायला कुणाला सुचत नाही. घरातल्या एसीच्या गॅसला तसला वास नाही. त्यामुळं तो महिनोन् महिने गुपचूप जात राहतो आणि लोकांना वाटतं की गाडीतल्या पेट्रोलसारखा तो वापरून संपला. गॅस संपत नसतो हो. तो बंद पाइपात गोल फिरतो, आत द्रवाचा वायू होतो तेव्हा खोलीतली उष्णता ओढून घेतो, बाहेर वायूचा परत द्रव होतो तेव्हा ती उष्णता टाकून देतो, एवढंच त्याचं काम. चौदा वर्षं काय चाळीस वर्षं फिरला तरी एक ग्रॅम कमी होणार नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी भोक आहे. तुमच्याकडं दोन वर्षांत दोनदा भरला, म्हणजे भोक आहे हे दोनदा सिद्ध झालं आणि दोन्ही वेळेला कुणी ते शोधलं नाही. दरवर्षी 'टॉपअप' करून देणारा माणूस स्वस्त वाटतो, पण तो तुमच्या घरी वार्षिक वर्गणी गोळा करायला येतोय.

आता तो 'कॉम्प्रेसर गेला'वाला विषय. हे वाक्य आमच्या धंद्यात फार सहज बोललं जातं, कारण गिऱ्हाइकाला ते तपासता येत नाही. तुम्ही एक करा. संध्याकाळी एसी लावा, रिमोट १८ वर न्या, पाच मिनिटं थांबा आणि गच्चीत जाऊन आउटडोअरजवळ, म्हणजे बाहेरच्या युनिटजवळ, उभे राहा. पंखा फिरतोय आणि खालनं तो जड घूंऽऽ आवाज येतोय, हात लावला की पत्र्याला थरथर लागतेय, तर कॉम्प्रेसर चालू आहे, मेलेला नाही. मग त्यात दम आहे का नाही एवढाच प्रश्न राहतो. पंखा फिरतोय पण तो जड आवाज नाही, मधनंच एकदा घुर्र करतो आणि टक्कन बंद पडतो, तर पहिला संशय कॅपॅसिटरवर घ्या. कॅपॅसिटर म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा तो ॲल्युमिनियमचा डबा, दीड टनी मशीनला साधारण ३५ ते ५० एमएफडीचा (मायक्रोफॅरड, त्याचं माप) असतो, डोकं फुगलेलं दिसलं की गेला समजा, काही शे रुपयांचं काम. आणि पंखाच फिरत नसेल तर वर करंट येतोय का इथनंच सुरवात करायची, इनडोअरचं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट), मधली वायर, उंदरानं कुरतडलेली आहे का. विश्रामबागेत उंदरांनी वायर खाल्लेले एसी मी दर उन्हाळ्यात चार-पाच तरी बघतो.

कॉम्प्रेसर खरंच जळालाय का हे बघायला मल्टीमीटर लागतो आणि ते पाच मिनिटांचं काम आहे. कॉम्प्रेसरच्या डोक्यावर तीन पिना असतात, कॉमन, स्टार्ट आणि रन. दोन-दोन पिनांमधला ओहम मोजायचा, तीन आकडे मिळतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढा यायला पाहिजे. तेवढा आला आणि कुठलीच पिन बॉडीला जोडलेली (अर्थिंग) दाखवत नसेल तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे. मेकॅनिकला सांगा की मला ते तीन आकडे कागदावर लिहून दे. जो लिहून देईल त्याच्याकडनं काम करून घ्या, जो चिडेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पण ह्यातपण एक खाच आहे, आणि तिथं मी स्वतः ठेच खाल्लीय म्हणून सांगतो. २००९ सालची गोष्ट, मिरजेत एका रिटायर बाईंकडं गेलो होतो, एप्रिलमधली दुपार, आउटडोअर पश्चिमेच्या उन्हात. मीटर लावला तर कॉमनपासनं दोन्ही पिनांना काहीच दाखवेना, पूर्ण ओपन. मी मोठ्या आत्मविश्वासानं कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं, नवीन बसवला, पैसे घेतले, जुना दुकानात आणून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज मीटर लावला तर तिन्ही आकडे एकदम सरळ, करंट दिला तर पठ्ठ्या चालू झाला. झालं काय होतं, कॉम्प्रेसरच्या आत एक ओव्हरलोड असतो, कॉम्प्रेसर फार तापला की तो आपोआप लाइन तोडतो आणि गार झाल्यावर परत जोडतो, त्याला कधीकधी दोन-तीन तास लागतात. खरा आजार होता बाहेरच्या पंख्याचा, तो निम्म्या स्पीडनं फिरत होता आणि कॉइल कचऱ्यानं भरलेली होती म्हणून कॉम्प्रेसर तापून बसत होता. गेलो परत, बाईंना खरं ते सांगितलं, मजुरीचे पैसे परत केले. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघत होत्या, ते जास्त लागलं. तेव्हापासनं गरम कॉम्प्रेसरवर मी निकाल देत नाही. कॉमनपासनं लाइन तुटलेली दाखवत असेल पण स्टार्ट आणि रनमध्ये आकडा येत असेल तर कॉम्प्रेसरवर ओला गोणपाट टाकायचा आणि संध्याकाळी परत यायचं. तुमचा माणूस दहा मिनिटांत निघाला म्हणताय, म्हणून मला शंका.

आता दम नसलेला कॉम्प्रेसर, म्हणजे फिरतोय पण दाबत नाही, हा प्रकारपण असतो आणि चौदा वर्षांच्या मशीनमध्ये असू शकतो. तिथं लोक फसतात ते अँपिअर बघून. क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारा चिमटा) लावला, सातच्या जागी चार अँपिअर दाखवले की म्हणायचं कॉम्प्रेसर वीक. पण गॅस कमी असला तरीपण अँपिअर कमीच दाखवतात! फरक कळतो तो गेजवर, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. आर-२२ ला चालू मशीनचं सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या गॅसचा दाब, ६० ते ७० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास पाहिजे. गॅस कमी असेल तर काटा खाली येतो, तीस-चाळीसला, आणि बारीक पाइपावर नाहीतर आतल्या कॉइलवर बर्फ दिसतो. कॉम्प्रेसर दाबत नसेल तर उलटं, सक्शनचा काटा वरच राहतो, मशीन चालू केलं तरी हलायचं नाव घेत नाही. तुमच्या केसमध्ये दोन वर्षांची गॅसची हिस्टरी आहे, आता सगळा निघून गेला असेल तर गेज शून्याला असेल आणि शून्यावर कॉम्प्रेसरची ताकद कळतच नाही. म्हणून म्हणतोय आधी लीक.

लीक शोधायचं म्हणजे नायट्रोजनचा सिलिंडर आणायचा, सिस्टीममध्ये अडीचशे-तीनशे पीएसआय भरायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावत जायचं. कपड्याच्या साबणाचा घट्ट फेस, दाढीच्या ब्रशनं. बुडबुडा येतो तिथं लीक. लहान लीक असेल तर बुडबुडा असा टम्म फुगत नाही, बारीक पांढरा फेस हळूहळू गोळा होतो, दुधावर साय धरते तसा, त्यामुळं लावून दहा मिनिटं थांबावं लागतं आणि घाई करणाऱ्याला तो दिसत नाही. नाहीच सापडलं तर गेज लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा किती पडलाय बघायचं. गॅस जिथनं जातो तिथनं थोडं तेलपण बाहेर येतं, त्यामुळं तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला की निम्मं काम झालं. मार्केट यार्डाच्या आजूबाजूला तर हे डाग पिवळे असतात, हळदीमुळं! तिकडच्या घरांतले फिल्टर धुतले की मोरीत हळदीचं पाणी वाहतं, नवीन आलेली पोरं बघतच राहतात.

आता कुठं सापडलं तर काय करायचं.

आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी फ्लेअर नटवर (पाइपाचं तोंड पसरून, म्हणजे फ्लेअर काढून, नटानं आवळलेला जोड) सापडलं, आणि हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं, तर डोळे झाकून दुरुस्त करा. फ्लेअर नवीन काढायचा, नट आवळायचा, व्हॅक्यूम मारून, म्हणजे पंपानं आतली हवा काढून, वजनावर गॅस भरायचा, तीन-चार हजारांत विषय संपला, मशीन अजून तीन-चार उन्हाळे काढेल. बाहेरच्या युनिटमध्ये एखाद्या जोडावर सापडलं तरी ब्रेझिंग (तापवून धातू वितळवून जोडणं) करून घ्या, चांगल्या हाताचं ब्रेझिंग टिकतं. भिंतीतल्या पाइपात असेल तर भिंत फोडत बसू नका, नवीन पाइप वरनं टाका, दिसायला वाईट दिसेल पण पुढच्या वेळेला हाताशी राहील.

आतल्या कॉइलमध्ये सापडलं तर मात्र थांबा. इनडोअर कॉइलची नळी फार पातळ असते आणि तिला एक भोक पडलं म्हणजे बाकीची रांगेत उभी असतात. एक बुजवलं की सहा महिन्यांनी शेजारी दुसरं. नाल्याच्या कडेच्या घरांत तर गटारीच्या वायूनं तांबं काळं पडतं, मी अशा कॉइल बघितल्यात की हाताला काजळ लागतं. कंपनीकडं २०१२ च्या मॉडेलची कॉइल आता मिळणं अवघड, बाजारात 'चालून जाईल' म्हणून दुसरी मिळते ती मापात बसवायला खटपट. आतली कॉइल लीक, आर-२२ गॅस आणि चौदा वर्षं, हे तिन्ही एकत्र आलं की मी माझ्या सख्ख्या भावालापण नवीन घे म्हणून सांगतो. आणि लीकबरोबर कॉम्प्रेसरपण गेलेला निघाला तर मग विचारायचंच नाही. लीक न काढता नवीन कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे फुटक्या घागरीला नवीन झाकण. शिवाय बाहेर बाजारात मिळणारा कॉम्प्रेसर खूपदा रिपेअर केलेला असतो, वॉरंटी पावतीवर सहा महिने आणि तोंडी एक वर्ष.

आर-२२ बद्दल दुकानदार तुम्हाला घाबरवेल की हा गॅस बंद झाला. अर्धं खरं आहे. ओझोनच्या थराला हा गॅस मारक, म्हणून माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्यानं काढतायत. भारतात १ जानेवारी २०२५ पासनं ह्या जातीच्या गॅसवर नवीन मशीन बनवायला बंदी आहे, आणि २०३० पर्यंत त्याचा पुरवठा जवळजवळ संपवायचाय, सर्व्हिससाठी थोडका ठेवून. म्हणजे आज तुम्हाला मिळतो, दोन वर्षांनीपण मिळेल, पण भाव वाढत जाणार आणि भाव वाढला की भेसळ वाढणार. दुसरं म्हणजे कुणी म्हणालं की 'ह्यातच आर-३२ भरून देतो, नवीन गॅस आहे, जास्त गार करतो' तर त्याला गच्चीवरनंच खाली पाठवा. आर-३२ चं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीच्या वर जातं, जुनं मशीन त्यासाठी बनवलेलंच नाही, आतलं तेलपण त्याला चालत नाही, आणि तो थोडा ज्वलनशीलपण आहे. त्याहून वाईट म्हणजे काही जण स्वयंपाकाचा गॅस भरतात. हसू नका, भरतात, आणि गार पण होतं म्हणून गिऱ्हाईक खूश असतं. बंद खोलीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ते भरणं म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या.

आता लाइट बिल. दुकानात गेलात की पहिलं वाक्य हेच येणार, नवीन घ्या, बिल अर्धं होईल. हिशोब करून बघू. तुमचा जुना तीन स्टार म्हणजे कॉम्प्रेसर चालू असताना साधारण पावणेदोन हजार वॉट. रात्री तो मधनंमधनं बंद होतो पण तुमचा स्लॅब तापलेला, रात्री एकपर्यंत बंद व्हायचं नाव घेत नसणार, म्हणून सरासरी ताशी १.३ युनिट धरू. आपल्याकडं एसी लागतो मार्चच्या मध्यापासनं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मधे एखादा वळीव आला की चार दिवस सुट्टी, म्हणजे फार तर पंच्याऐंशी रात्री, आठ-आठ तास, ६८० तास. झाले साधारण ८८० युनिट. नवीन इन्व्हर्टर तीन स्टार तुमच्या खोलीत ताशी ०.७५ धरला तर ५१० युनिट, पाच स्टार ०.६ धरला तर ४१० च्या आसपास. वाचले अनुक्रमे ३७० आणि ४७०.

इथं एक गोष्ट लोक चुकतात. युनिटचा दर धरताना बिलाला युनिटनं भागून सरासरी काढतात. तसं नाही, महावितरणचे टप्पे आहेत, शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत, पुढं वेगळा. एसीचे युनिट हे तुमच्या घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातले युनिट एसीच खातो आणि वाचतात तेपण महागातलेच. मी सगळं धरून १४ रुपये घेतो, तुमचं तीनशेच्या वर जात असेल तर अजून जास्त. तरी तीन स्टारला वर्षाला पाच हजार, पाच स्टारला साडेसहा हजार वाचतात. नवीन तीन स्टार मशीन फिटिंगसकट अडतीस हजाराला पडलं तर नुसत्या बिलातनं वसूल व्हायला सात-आठ वर्षं. म्हणजे चांगला चालणारा जुना एसी फक्त बिलासाठी काढून टाकणं आपल्याकडच्या वापरात परवडत नाही. हेच जर दवाखाना असता, दुकान असतं, वर्षभर रोज दहा तास, तर मी म्हटलं असतं आजच काढा.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. मशीन सुरू झालं की एका रात्री दहा वाजता घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा दोन तास बंद राहिला तर काही बिघडत नाही, मीटरचा फोटो काढा, बारा वाजता परत काढा. वजाबाकी करून दोननं भागा. हे मी गिऱ्हाइकाला करायला लावतो आणि त्यातनं कधीकधी भलतंच निघतं. एका घरात एसी बंद असतानापण मीटर पळत होता, बघतो तर गच्चीवरचा गीझर.

नवीन घ्यायचं ठरलंच तर स्टार मोजू नका, पाटीवरचा आयएसईईआरचा आकडा बघा, म्हणजे तेवढ्याच विजेत वर्षभरात किती गारवा मिळतो तो. स्टारचं टेबल मधेमधे कडक करतात, २०१८ ला केलं, जुलै २०२२ ला केलं, जानेवारी २०२६ ला परत वर सरकवलं, त्यामुळं गेल्या वर्षीच्या स्टॉकचा पाच स्टार आणि ह्या वर्षीचा पाच स्टार एक नव्हेत. आकडा मात्र आकडाच राहतो, जितका मोठा तितका बरा. त्याच पाटीवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांचे असतात. समजा ९०० लिहिलेत तर १६०० नं भागा, ताशी ०.५६ आले, आणि तुमच्या स्लॅबसाठी त्यावर थोडे वाढवून घ्या. तुमच्या ६८० तासांना तीन आणि पाच स्टारमधला फरक वर्षाला दीड हजाराच्या आत येतो, म्हणजे दुकानात फरक सहा हजार असेल तर चार वर्षांत निघेल, घ्या. दहा हजार असेल तर मी तीन स्टारच घेईन आणि उरलेल्या पैशात गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारेन. हे मी एसीवाला असून सांगतोय. वरच्या मजल्याच्या खोलीत निम्मी लढाई स्लॅबशी असते, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली ओकत राहतो. रंग मारा, नाहीतर संध्याकाळी पाचला गच्चीवर चार बादल्या पाणी मारा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा, मशीनला खरंच श्वास मिळतो. एसीबरोबर पंखा दोनवर ठेवून २५-२६ ला झोपता येतं. बाबांना १८ वर लावायची सवय असेल तर सांगा की १८ वर लावलं म्हणून लवकर गार होत नाही, साधं मशीन २४ लाही तेवढ्याच ताकदीनं चालतं, १८ वर फक्त बंद उशिरा होतं.

टन वाढवू नका. दहा बाय बाराच्या खोलीला वरचा मजला म्हणून दीड टन पुरे, दोन टन घेतला तर झटक्यात गार करून बंद पडतो आणि हवेतला दमटपणा तसाच, जूनमध्ये अंथरूण ओलसर लागतं. कॉइल तांब्याची घ्या, लीक झाली तर ब्रेझिंग होतं. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासनं २८ चा १८ टक्के झालाय, तेव्हा कुणी जुन्या छापील किमतीवर 'खास डिस्काउंट' दाखवत असेल तर तेवढं डोक्यात ठेवा.

आता फिटिंग, इथं मी जरा जास्त बोलणार कारण इथंच नवीन मशीनचं आयुष्य ठरतं आणि इथंच लोक हजार रुपये वाचवायला जातात. जुन्या आर-२२ च्या पाइपावर नवीन मशीन बसवू देऊ नका. त्यात जुनं तेल असतं, ते नवीन गॅसच्या तेलाशी जमत नाही, आणि चौदा वर्षांचं तांबं कुठं दबलंय कुठं घासलंय दिसत नाही. नवीन पाइप घ्या. दुसरं, फिटिंगला येणारा माणूस व्हॅक्यूम पंप घेऊन येतो का ते दारातच बघा. पंप लावून निदान वीस-पंचवीस मिनिटं हवा आणि ओल काढावी लागते. पुष्कळ जण पंप आणतच नाहीत, थोडा गॅस सोडून पाइपातली हवा फुस्स करून बाहेर ढकलतात आणि चालू करून देतात. त्या दिवशी गार होतं, तुम्ही पेढा देता, पण आत राहिलेली ओल दोन-तीन वर्षांत तेल खराब करते आणि मग इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर जातो. उभं राहून बघा, पंप चालू केल्यापासनं घड्याळ लावा. वाईट वाटून घेतलं त्यानं तर घेऊ दे.

स्टॅबिलायझर मशीनला लागत नाही असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण कार्ड जळालं की त्याचे पाच-सहा हजार होतात आणि बाबांचं जे म्हणणं आहे ना की नवीन मशीन नाजूक, ते ह्या एका बाबतीत शंभर टक्के खरं आहे. जुन्यात एक कॅपॅसिटर आणि एक रिले, नवीन मशीनच्या आउटडोअरमध्ये अख्खा कॉम्प्युटर. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर लावा, आणि कार्डाची वॉरंटी किती वर्षांची ते वेगळं विचारा, दहा वर्षं म्हणून छापतात ती फक्त कॉम्प्रेसरची असते.

तुम्ही वरच्या मजल्यावर आहात म्हणून पुराचा प्रश्न नाही, पण नदीकाठच्या गावभागातले, सांगलवाडीचे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, आउटडोअर जमिनीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीला लावू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पाण्याखाली गेलेली किती मशीन उघडली त्याचा हिशोब नाही. साधी मशीन चिखल धुऊन, आठ दिवस वाळवून, कॅपॅसिटर बदलून निम्म्याच्या वर चालू झाली. इन्व्हर्टरची कार्डं एकजात गेली. पाणी कुठपर्यंत आलं होतं ती खूण अजून भिंतीवर असेल, त्याच्या वर ब्रॅकेट मारा.

आणि जुनं मशीन काढायची वेळ आली, त्यात थोडाफार गॅस शिल्लक असला आणि कॉम्प्रेसर चालत असला तर 'पंप डाउन करून काढ' एवढं सांगा. बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन दोन मिनिटं चालवलं की सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. तो गॅस हवेत सोडून देण्यापेक्षा कुणातरी मेकॅनिकला सर्व्हिसला उपयोगी पडतो. एक्सचेंजचे दोन-तीन हजार देत असतील तर आधी भंगारवाल्याला विचारा, आत दोन तांब्याच्या कॉइल आहेत, खूपदा तोच जास्त देतो.

नायट्रोजन टेस्ट पाडव्याच्या आत उरकून घ्या. पाडवा झाला की आमच्यापैकी कुणीच फोन उचलत नाही, मीपण नाही. लीक कुठं सापडलं आणि ओहमचे तीन आकडे काय आले ते लिहून पाठवा, मग पुढचं बघू.